एक पातं, सात माणसं

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या रिकाम्या खोक्यांना आणि मोडक्या खुर्च्यांना वळसा घालून गेलं की एक खोली लागते. तिच्या दारावर पाटी नाही. पाटी मागवल्याला नऊ वर्षं झाली. ती येईल तेव्हा येईल. त्या खोलीत बाई एकतीस वर्षं काम करत होत्या. काम काय, तर कापणं. वरच्या मजल्यांवरून कुणाच्या पोटातला, कुणाच्या घशातला तुकडा डबीत घालून खाली यायचा. बाई तो मेणात बसवायच्या, छोटा ठोकळा करायच्या आणि यंत्राला लावून चाक फिरवायच्या. फेऱ्यागणिक पात्यावरून एक पापुद्रा सुटायचा, केसाहून कितीतरी पातळ. पापुद्र्याला पापुद्रा जोडून फीत व्हायची. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, काचेवर झेलायची, रंगवायची आणि वर पाठवायची. वरचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून त्या माणसाचं पुढचं आयुष्य ठरवायचे. निदान वर व्हायचं, सही वर व्हायची, कौतुकही वरच्या वर संपायचं. खाली यायची ती फक्त चिठ्ठी : सुरकुती आहे, पुन्हा कापा.

बाईंना मात्र अशी चिठ्ठी वर्षानुवर्षं आली नव्हती. त्यांचा हातच तसा होता. दुसऱ्या रुग्णालयांतले लोक तो हात बघायला यायचे, आणि बाई न बोलता, न हसता, एक लांबलचक फीत पाण्यावर सोडून दाखवायच्या. मग चहा पाजायच्या. त्यांच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेवढं त्या मनसोक्त मिरवून घ्यायच्या.

त्यांचा दुसरा गुण काटकसर. नोकरीला लागल्या तेव्हा खोलीत एकच जड पोलादी सुरी होती आणि रोज सकाळी तासभर ती दगडावर घासावी लागायची. पुढे वापरून फेकायची पाती आली. फेकायची हा शब्द बाईंना संस्कारांचा अपमान वाटला. पात्याला डावी बाजू असते, मधली असते, उजवी असते. एवढा संसार असताना टाकायचं कशाला? त्या एका पात्यावर सबंध दिवस काढायच्या आणि संध्याकाळी ते तारखेची चिठ्ठी लावून पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. न जाणो, कधी जाडंभरडं कापायला उपयोगी पडेल. भांडारवाले गृहस्थ त्यांच्यावर फिदा होते. बाकीच्यांनी पाती मागितली की ते बाईंचं नाव घेऊन त्यांना इतकं बोलायचे, की माणूस पुन्हा मागायला येऊ नये.

घरी याच हाताची किंमत वेगळी होती. नवरा अबोल आणि बरा. त्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद, दोन गल्ल्या सोडून राहायची. वन्संना जगातल्या प्रत्येक विषयावर मत होतं, आणि ते मत बहुधा प्रतिकूल होतं. बाईंच्या नोकरीबद्दल त्या ओळखीपाळखीत सांगायच्या की आमची भावजय दवाखान्यात मेण कापते, बसून काम आहे, पंखा आहे. तीस वर्षं त्यांनी यात एका शब्दाचा फरक केला नव्हता. सातत्य म्हणून काही असेल तर ते हे.

तर अशा या खोलीत एके दिवशी संशोधन अवतरलं. वरच्या मजल्यावर नवे डॉक्टर आले होते. त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग व्हायच्या आधी कळायला हवा होता. झाल्यावर तर कुणालाही कळतो, असं त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं आम्लपित्त वर येऊन काहींच्या अन्ननलिकेत खालच्या बाजूला एक पट्टा बदलतो. असे पट्टेवाले पुष्कळ असतात आणि बहुतेक जण म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात. पण थोड्यांचा पट्टा बिघडतो. कुणाचा बिघडणार, हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ते दिसतं म्हणे जनुकांवर. जनुकाच्या अंगावर रसायनाचे बारीक ठिपके बसतात, त्याला मेथिलेशन म्हणायचं. काही ठिपके असायचेच. पण नको तिथे दाटीवाटीने बसले की ते जनुक गप्प होतं. आणि पेशीला ‘आता पुरे’ म्हणणारं जनुकच गप्प झालं की पेशी मोकाट सुटतात. ते ठिपके मोजले की धोका काही वर्षं आधी कळेल, अशी डॉक्टरांची आशा.

बाईंनी हे सगळं घरी जसंच्या तसं सांगितलं. नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, “गप्प बसलेल्या जनुकाची अडचण मी समजू शकतो.” त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

रुग्णालयात नव्या डॉक्टरांना सगळे ठिपकेवाले डॉक्टर म्हणू लागले. माणूस चांगला होता, फक्त घाईत होता. परिषद जवळ आली होती आणि परिषदेला जाणाऱ्या माणसाला आकडे लागतात. त्यांनी सभागृहात प्रशिक्षण घेतलं. पडद्यावर बासष्ट पानं दाखवली. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक नमुन्याला नवं पातं वापरावं आणि दोन नमुन्यांच्या मध्ये रिकामं मेण कापावं. बाई तेव्हा सभागृहात नव्हत्या. त्याच वेळी वरून तातडीचे अकरा ठोकळे आले होते आणि ते दुसरं कोण कापणार होतं? हजेरीच्या कागदावर आणि ‘मला सर्व समजले’ या कागदावर त्यांच्या सह्या नंतर घेतल्या गेल्या. बाईंनी त्या ठळक अक्षरात केल्या.

कामाची पद्धत सोपी होती. सकाळी आधी एका पक्क्या कर्करोगाचा ठोकळा कापायचा, म्हणजे तपासणी नीट चालते की नाही ते ताडून बघता येतं. मग पट्टेवाल्यांचे ठोकळे. प्रत्येकाच्या पापुद्र्यांची दोन-तीन वेटोळी इवल्याशा नळीत घालायची, वर क्रमांक लावायचा. क्रमांक उलटसुलट दिलेले, म्हणजे कुणाला काही कळू नये. कापण्याचा क्रम फक्त बाईंच्या वहीत.

वन्संना वीस वर्षं आम्लपित्त होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. दुर्बिणीत पट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले की तुमच्यासारख्यांची विज्ञानाला गरज आहे. वन्संची गरज आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या तिथल्या तिथे सामील झाल्या. त्यांचा तुकडा मेणात बसवला तो बाईंनीच. आणि कापायची वेळ आली तेव्हा मायेनं म्हणा, सवयीनं म्हणा, त्यांनी तो ठोकळा रांगेत सर्वांत पुढे घेतला. सकाळचा ताजा हात, ताजं पातं. घरच्या माणसासाठी एवढं तर करावंच.

महिन्याभराने वन्संना पत्र आलं. ठिपके फार होते. धोका जास्त. पट्टा जाळून टाकावा असं ठरलं होतं, येत्या गुरुवारी. बाई भेटायला गेल्या तर वन्संनी पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, म्हणजे आल्यागेल्याला मागावं लागू नये. त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि लोकांना माफ करत होत्या. दूर राहणारे दोन्ही मुलगे, जे वाढदिवसाला फोन करून उपकार करायचे, आता रोज दोनदा फोन करत होते. समोरच्या शेजारणीलाही माफी मिळाली होती. तिला कशाबद्दल ते कळलं नव्हतं, पण ती डोळे पुसत गेली.

“तुलाही मी माफ केलंय,” वन्सं म्हणाल्या.

“कशाबद्दल?”

“ते आता राहू दे.”

बाई कप विसळायला आत गेल्या. वन्सं मागोमाग आल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. विसळलेल्या कपात एकही दोष काढला नाही. वन्संच्या बाबतीत हे लक्षण चांगलं नव्हतं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “जाळताना जाग असते का गं?”

बाईंनी सांगितलं की गुंगी देतात, काही कळत नाही. पाठीवरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं, पण तीस वर्षांत तशी पद्धत पडली नव्हती. निघताना त्यांची नजर काचेखालच्या पत्रावर गेली. वर क्रमांक होता : आठशे त्र्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी ठिपकेवाले डॉक्टर स्वतः तळमजल्यावर आले. खोक्यांना अडखळले, पण चेहरा फुललेला. हातात आलेख होता. सात उभे खांब, पहिला सर्वांत उंच, मग पायरीपायरीने उतरत शेवटचा ठेंगणा. त्यांच्या मते ही जोखमीची उतरंड होती, आणि इतकी सुबक उतरंड कुणालाच आजवर मिळाली नव्हती. पहिल्या तिघांचे पट्टे जाळायचे, पुढच्या दोघांना सहा महिन्यांनी बोलवायचं, शेवटच्या दोघांना काळजी नको असं कळवलंच होतं. ते म्हणाले की बाई, हे तुमच्या हातामुळे. लेखात तुमचे आभार आहेत.

बाईंनी खांबांखालचे आकडे वाचले. आठशे त्र्याहत्तर. दोनशे बारा. सहाशे चाळीस. हे आकडे त्यांनी याच क्रमाने कुठेतरी वाचले होते. वाचले कशाला, लिहिले होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी वही काढली. एकाच तारखेखाली, त्यांच्याच वळणदार अक्षरात : आधी पक्क्या कर्करोगाचा ठोकळा, मग हेच सात, याच क्रमाने. आठव्याच्या वेळी फितीवर ओरखडा उठला म्हणून पातं बदललेलं. आठव्याचे ठिपके शून्य.

त्यानंतरचे तीन दिवस बाईंनी स्वतःची समजूत घालण्यात घालवले. योगायोग असतो. काचेवरच्या कामात एक पातं चाळीस ठोकळ्यांना पुरतं. आजवर एकाही डॉक्टरने हरकत घेतली नव्हती. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. निरोप समारंभाची पाटी तयार होती (ही पाटी मात्र आठवड्यात आली) आणि तिच्यावर ‘एकतीस वर्षांची निर्दोष सेवा’ असं कोरलेलं होतं. आणि वन्सं? वन्संच्या हाती हे लागलं तर उरलेल्या आयुष्यात त्यांना दुसरा विषय लागणार नव्हता. पट्टा जळाला तर जळाला, त्याने नुकसान थोडंच होतं, कुणाकुणाची अन्ननलिका नंतर आक्रसते तेवढंच. इथपर्यंत विचार आला की बाईंना ओट्याला धरून उभ्या असलेल्या वन्सं दिसायच्या, आणि समजूत पुन्हा पहिल्यापासून घालावी लागायची.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. हेही वर्षावर्षात होत नसे.

“डॉक्टरांना सांग, ताईला सांगू नकोस. नाहीतर ताईला सांग, डॉक्टरांना सांगू नकोस. दोघांना सांगणार असशील तर मला आधी सांग, मी बाहेरगावी जातो.”

मंगळवारी सकाळी बाईंनी पत्र्याचा डबा उघडला. त्या तारखेचं पातं तिथे होतंच; फेकलं असतं तर त्या बाई कसल्या. धारेच्या मागे डोळ्यांना दिसेल न दिसेल असा मेणाचा चुरा चिकटला होता. बाईंनी तो मऊ कुंचल्याने काचेवर झाडला, एरवी रंगवायच्या तसा रंगवला, आणि कोपऱ्यातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. निदान करायचा त्यांना अधिकार नव्हता. पण एकतीस वर्षं जांभळ्या रंगवलेल्या पेशी वर पाठवणाऱ्या माणसाला एवढं कळतं. चुऱ्यात पेशी होत्या, काळपट, वेड्यावाकड्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. पक्क्या कर्करोगाच्या. पात्याने त्या उचलल्या होत्या आणि पुढच्या प्रत्येकाला थोड्या थोड्या वाटल्या होत्या. पहिल्याला सर्वांत जास्त. घरच्या माणसाला.

त्या काच घेऊन वर गेल्या. डॉक्टरांनी पाहिलं, मग वही पाहिली, मग आलेख पाहिला, आणि खुर्चीत बसले.

“तुम्ही प्रशिक्षणाच्या कागदावर सही केली होती.”

“केली होती. वाचला नव्हता.”

डॉक्टरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. परिषद आठ दिवसांवर होती. मग ते सावरले आणि वरच्या मजल्यावरची भाषा बोलू लागले. काही नमुन्यांची पुनर्पडताळणी करता येईल. परिषदेनंतर. तांत्रिक कारणास्तव, असं लिहिता येईल, कुणाचं नाव यायची गरज नाही. बाईंची पाटी शाबूत, डॉक्टरांची उतरंड शाबूत. इतकी समंजस सूचना बाईंना नोकरीत कधी कुणी केली नव्हती, आणि क्षणभर त्या मोहात पडल्याही.

“गुरुवारी पहिल्या क्रमांकाचा घसा जाळणार आहात,” त्या म्हणाल्या. “ती माझी नणंद आहे. आणि ती नसती तरी तो घसाच असता.”

डॉक्टरांना क्रमांकच माहीत होता. क्रमांकाला भावजय असते हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी फोन उचलला आणि तिन्ही शस्त्रक्रिया थांबवल्या. त्यांच्या बाजूने हेही सांगायला हवं, की पुढचं सगळं त्यांनी नीट केलं. शस्त्रक्रिया थांबवल्याच्या कागदावर कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘तांत्रिक’ लिहिलं होतं, ते बाईंनी खोडायला लावलं आणि तिथे लिहवून घेतलं : पातं बदललं नाही म्हणून. खाली स्वतःची सही केली, ठळक अक्षरात.

बुधवारी बाईंनी ते सात ठोकळे पुन्हा कापले. प्रत्येकाला नवं पातं, मध्ये रिकामं मेण, कर्करोगाचा ठोकळा सर्वांत शेवटी. भांडारवाले गृहस्थ पाती द्यायला स्वतः आले आणि घरातलं कुणी गेल्यासारखे दारात उभे राहिले. त्या दिवशी बाईंची फीत दोनदा तुटली.

निकाल लागला तेव्हा उतरंड कोसळली होती. पाच उंच खांब होते ते जमीनदोस्त. सातवा तर आधीच ठेंगणा होता, तोही गेला. राहिला सहावा. तो बुटका खांब आधी होता तिथेच, तसाच उभा होता. उंच खांबांच्या सावलीत त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. रिकाम्या मैदानात तो एकटा आता चांगलाच दिसत होता. त्याचे ठिपके पात्यावरून आलेले नव्हते. त्याचे स्वतःचे होते.

वन्संना सांगायला बाई एकट्याच गेल्या. नवरा खरोखरच बाहेरगावी गेला होता. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा पुन्हा विचारलं की म्हणजे मला काही नाही? दरवर्षी दुर्बीण, एवढंच? मग त्यांनी काचेखालचं पत्र काढलं, घडी घातली, पुन्हा उघडली. सुटकेचा निःश्वास वगैरे काही नाही. उलट चेहरा पडला.

“पोरांना आता काय सांगू? रविवारी येणारेत दोघं. तिकिटं काढलीत.”

“येऊ दे की. बरं असताना भेटायला येऊ नये असं कुठे आहे?”

“तू त्यांना ओळखत नाहीस,” वन्सं म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “सोमवारपर्यंत तू गप्प बसशील का?”

बाई म्हणाल्या, बसेन. जिन्यावरून उतरताना वरून आवाज आला, की माफ केलं होतं ते मात्र आता परत घेतलंय, लक्षात ठेव. त्यात भीती नव्हती, नेहमीचा खणखणीतपणा होता. बाईंनी जिन्यातच जरा बसून घेतलं आणि मग घरी गेल्या.

निरोप समारंभ पुढे ढकलला गेला. पाटीचं काय करावं यावर समिती बसली आहे असं समजलं. बाई आपल्या खोलीत ठोकळे कापत होत्या, एकाला एक पातं, आणि रिकामा होत चाललेला पात्यांचा खोका बघून भांडारवाले दिवसेंदिवस वाळत होते.

सहावा क्रमांक म्हणजे एक शिंपी होता. त्याला बोलवायचं काम कार्यालयातल्या कारकुनाकडे होतं. बाई आपली वही परत घ्यायला तिथे गेल्या तेव्हा तो फोन सुरू होता. कारकून सांगत होता की तुम्हाला पुन्हा तपासणीला यावं लागेल, आणि पलीकडचं शिवणयंत्र बाईंनाही ऐकू येत होतं. यंत्र थांबलं. शिंपी विचारत होता की पण मला तर तुम्ही काळजी नको असं कळवलंय, कागद आहे माझ्याकडे, दाखवू का? कारकून सवयीने म्हणाला की तांत्रिक कारण आहे. कसलं कारण? तांत्रिक. शिंपी म्हणाला की माझ्याकडे कपडे शिवायचे पडलेत, अशा कारणासाठी मी दुकान बंद ठेवणार नाही, पुढच्या वर्षी बघू. कारकुनाने खांदे उडवले आणि फोन ठेवायला हात खाली आणला.

बाईंनी तो हातातून काढून घेतला.

“ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “मी खालच्या मजल्यावरची बाई. तुमचा तुकडा मी कापला. पहिल्यांदा कापताना मी चूक केली, म्हणून तुम्हाला चुकीचा कागद आला. दुसऱ्यांदा बरोबर कापलाय, आणि त्यात दिसतंय की तुम्ही यायला हवं. आजार झालेला नाही. व्हायच्या आधी कळलंय, म्हणून घाई आहे. उद्या सकाळी या.”

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

“चूक तुमची, आणि फोनही तुम्हीच करताय?” शिंप्याने विचारलं.

“हो.”

“किती वाजता येऊ?”